माझी पाटी, गावाची पाटी

१२ जानेवारी, सोमवार

बोलायचं नाही. एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही — कुजबुज म्हणे ओरडण्यापेक्षा वाईट! नागपूरच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली आणि घरी सोडताना म्हणाले, "आता हा गळा काही दिवस माझा. तुम्ही वापरायचा नाही."

त्यांचा गळा! गोंदिया जंक्शनच्या माइकवर उभी हयात ज्या गळ्यानं गाड्या बोलावल्या आणि निरोप देऊन पाठवल्या, तो आता त्यांचा!

असो. गाठ साधी निघाली. पुन्हा लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. गाठ साधी निघाली.

सरपंच हुकुमचंद बिसेन स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला आणि स्वतःच घेऊन आला. मागच्या सीटवर उशी ठेवली होती, थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. असा माणूस. रस्ताभर मात्र गाडीत मोठ्यानं भजनं! "बंद कर" म्हणायला तोंड उघडलं आणि रचनानं हातच धरला.

रचना म्हणजे माझी भाचसून. तिचा नवरा राजदीप नोकरीला पुण्यात, ही माझ्याजवळ. तिनं आज सौंदडच्या बाजारातून माझ्यासाठी पाटी आणि खडू आणले. कॉन्व्हेंटात सिस्टरनं पाटी काढून घेऊन वही दिली होती. म्हातारपणी पाटी परत आली!

१४ जानेवारी, बुधवार

आज सगळं गाव मला तीळगूळ देऊन "गोड बोला" म्हणून गेलं. हलकट!

१६ जानेवारी, शुक्रवार

रचनाचा एक दोष लक्षात आला. मी पाटीवर लिहिते एक, ती वाचून दाखवते दुसरंच.

दुपारी हुकुमचंद तब्येत विचारायला आला. फाट्यावर नवी पाटी लागली म्हणून खुशीत होता. मोबाइलवर फोटो दाखवला. निळी पाटी, पांढरी अक्षरं — अंबेटोला.

अं! आं नाही!

आमचं गाव आंबेटोला. आंब्याचा टोला, म्हणजे वस्ती. हे आंध्रातून आलेल्या माणसालाही कळेल. ठेकेदाराच्या रंगाऱ्यानं एक काना खाल्ला. मी पाटीवर लिहिलं, "काना कुठं गेला? रंगारी गाढव, आणि बघून पास करणारा त्याचा मोठा भाऊ."

रचना वाचते, "आत्या म्हणतात, पाटी छान आहे, थोडी दुरुस्ती पाहिजे."

मी टेबलावर हात आपटला. हुकुमचंदला वाटलं मी टाळी दिली! म्हणाला, "मॅडमजी, दुरुस्ती कायले? मी त् म्हणतो देवीनंच लिहून घेतलं. अंबा! लोक थांबून राहिले न तिथं. ट्रकवाले हात जोडून राहिले. परवा कोणीतरी फोटो ठेवला, चुनरी बांधली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेऊ — अंबानगर!"

अंबानगर. एका रंगाऱ्याच्या आळसातून देवी प्रकट झाली!

१७ जानेवारी, शनिवार

रागानं झोप नाही. पण रागातही न्यायानं विचार करायचा, असं सिस्टर सांगायच्या. तर न्यायानं —

हुकुमचंद लबाड नाही. त्याचा मुलगा खुमेंद्र सुरतेला. घरात धानाची शेती असून पोरगा तिकडे कापडाच्या गिरणीत. हुकुमचंदला वाटतं, फाट्यावर देवीचं नाव लागलं तर कोहमाऱ्याकडून येणाऱ्या गाड्या थांबतील, चार दुकानं निघतील, पोरं घरी येतील. हे त्याचं स्वप्न. ते वाईट नाही.

नाव बदलायलाही माझा विरोध नाही. आमच्या बाजूच्या वस्तीला गाव पूर्वी जे म्हणायचं, ते मी इथंसुद्धा लिहिणार नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते नाव टाकलं, नवं घेतलं, आणि जुनं बोलणाऱ्याला दारात उभं केलं नाही. माणसाला दाबायला ठेवलेलं नाव बदललंच पाहिजे. पण आंब्यानं कुणाला दाबलं? आंब्यानं तर सगळ्यांना सावली दिली!

सव्वीस तारखेला बोलणार. तेवीसला तपासणी आहे. डॉक्टर गळा परत देतील आणि मग बघू देवी कुणाच्या बाजूनं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

जयवंताबाईंकडे गेले होते.

जयवंता कुंभरे — आमच्या मागच्या गल्लीत, गोंडांच्या मोहल्ल्यात. वय माझ्याहून दहा वर्षांनी जास्त, जीभ माझ्याइतकीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हटलं तर, "पाहाची होती तेव्हढी पाहून झाली दुनिया." मला ती आवाजावरून ओळखते. म्हणजे ओळखायची. आता तिला दिसत नाही आणि मला बोलता येत नाही, वर तिला वाचताही येत नाही! मग आम्ही एक युक्ती काढली. पाटीवर खडूनं एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दारात तीनदा वाजवलं म्हणजे मी आले.

तीनदा वाजवलं. "या बाई! कोंबड्यावानी चोच मारत आल्या."

अंबानगरचं तिच्या कानावर होतंच. म्हणाली, "आंबेटोला त् आंबेटोला, अंबानगर त् अंबानगर. तुमचं तुम्ही भांडा. आमचं नाव कोन पुसते?"

एक टकटक केली. म्हणजे, सांगा.

"मरकानार," ती म्हणाली. "मरका म्हंजे आंबा. नार म्हंजे गाव. आमच्या बुढ्यायनं आंब्याखाली पयली चूल मांडली, तेव्हाचं नाव. मंग सरपंचाच्या जातीचे पवार आले, त्याहीनं आपल्या बोलीत केलं. मंग तुमची रेल्वे आली."

मला हे नाव माहीत होतं. लहानपणापासून कानावर होतं. पण ते त्यांच्या मोहल्ल्यातलं नाव, असं धरून चालले होते.

निघताना तिनं टोला मारलाच. "बाई, स्टेशनात तुम्ही एव्हढी नावं घेत होत्या. हिरडामाली, पिंडकेपार, गोंडउमरी… आमचं त् कधी घेतलं नाही वं."

यावर एक टकटक करायची की दोन? तिनं मूठभर तुरीच्या शेंगा हातात कोंबल्या आणि म्हणाली, "जा, थंडी सुटली. गळा झाका."

२० जानेवारी, मंगळवार

दिवसभर सिस्टर इलोना आठवल्या.

भूगोल शिकवायच्या. आम्हा मुलींना वाटायचं सगळ्या गोऱ्या सिस्टर इंग्लंडच्या. ही हंगेरियन बोलणारी निघाली! एकदा नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, हे माझं गाव. आमच्या घरी कोलोझ्वार म्हणतात, ते हंगेरियन. शेजारची रोमेनियन बाई क्लूज म्हणते. कोपऱ्यावरचा जर्मन बेकर क्लाउझेनबुर्ग म्हणतो. "मुलींनो, पाव तोच!"

आम्ही हसलो. एकीनं विचारलं, सिस्टर, मग खरं कोणतं?

सिस्टर म्हणाल्या, राज्य बदललं की पाटी बदलायची. माझी आई म्हणायची — पाटीला तोंड एकच असतं, गावाला तीन. तू गावाकडे बघ.

तेव्हा हे वाक्य वहीत लिहिलं नव्हतं. परीक्षेत येणार नव्हतं ना! आज लिहिलं.

या बाईनं मला प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारायला शिकवलं. ड म्हणजे ड, ण म्हणजे ण — स्वतःला येत नव्हते ते उच्चारही माझ्याकडून घोटून घेतले. "कुणाच्याही गावाचं नाव चघळायचं नाही. ते त्याच्या आईचं नाव आहे असं समजून घ्यायचं." त्या घोटलेल्या आवाजावर रेल्वेची नोकरी लागली, घर चाललं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. कुठली ती बाई, कुठलं ते गाव! कोणत्याही नावानं असो, त्या गावाचे उपकार आहेत माझ्यावर.

२३ जानेवारी, शुक्रवार

नाही म्हणाले!

सूज उतरली नाही. आणखी दोन-तीन आठवडे. मी पाटीवर लिहिलं, "सव्वीसला पाच मिनिटं बोलायचं आहे. फक्त पाच."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, ती पाच मिनिटं शेवटची ठरू शकतात. निवड तुमची."

येताना गाडी हुकुमचंदच चालवत होता — हो, आजही तोच! त्यानं भजनंसुद्धा लावली नाहीत. देवरीकडचा एक ट्रक आडवा आला तेव्हा शिवी हासडली आणि लगेच मागे वळून "माफ करजो मॅडमजी" म्हणाला. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच उशीवर डोकं टेकून यायचं! देवा — चुकले, सवय — असलं संकट शत्रूवर येऊ नये.

२४ जानेवारी, शनिवार

रचनाला म्हटलं — म्हणजे लिहिलं — तू वाच माझं भाषण. जसंच्या तसं.

"नाही वाचणार," म्हणाली. चक्क!

"आत्या, तुम्ही लिहिता ते मी वाचलं असतं तर आतापर्यंत अर्ध्या गावानं आपल्याकडे येणं सोडलं असतं. परवा सरपंचांच्या दुर्गेश्वरीबाईंना काय लिहिलं होतं? 'तुमच्या भाजीत मीठ सोडून सगळं आहे.' मी काय सांगितलं? 'आत्यांना भाजी आवडली.' म्हणून त्या रोज डबा आणून राहिल्या!"

मला हसू आलं. हसायलाही बंदी आहे. नुसते खांदे हलले. तिला वाटलं मी रडते. धावत येऊन तिनं कवटाळलं.

भाषण पुसलं. भरलेली पाटी होती. त्यात रंगारी होता, गाढव होतं, देवीचा घोर अपमान होता. बरं झालं पुसलं.

२५ जानेवारी, रविवार

आंब्याला मोहर आलाय. फाट्यावरच्या नाही, तिथला रस्त्यात गेला. शाळेमागच्या. आज तिथं उभी राहिले. मधमाश्यांचा एवढा आवाज, आणि कुणी त्यांना गप्प बस म्हणत नाही!

एक सुचलंय. भाषण नाही. एक प्रश्न.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, चिवडा-बुंदी झाली. मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. एरवी कोरम भरत नाही. आज जागा नव्हती.

हुकुमचंदनं ठराव मांडला. छान बोलला, हेही लिहिते. खुमेंद्रचं नाव घेतलं नाही, पण "आमचे पोट्टे" म्हणताना आवाज फाटला. पुढच्या रांगेतल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. सगळे शांत. माझं न बोलणं एवढं भारी असेल असं वाटलं नव्हतं! पाटी रचनाकडे दिली. तिनं आधी डोळ्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच जशीच्या तशी वाचली.

"घरात, चुलीजवळ, तुम्ही आपल्या गावाला काय म्हणता?"

बस. एवढंच.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी — तिचं माहेर छत्तीसगडचं — म्हणाली, "आमाटोला." सगळे हसले. हसू झालं तसा चेव आला. "आंबाटोली!" "आमटोला, आमटोला!" एक पोट्टा ओरडला, "ए टी!" — त्यांच्या शाळेत म्हणे असंच म्हणतात. मी एकेक नाव पाटीवर लिहीत गेले. इतकी वर्षं नावं सांगायचं काम केलं, ऐकायचं आज पहिल्यांदा.

शेवटी जयवंताबाई नातवाच्या खांद्याला धरून उभी राहिली. "मरकानार," ती म्हणाली. आणि खाली बसली नाही. म्हणाली —

"मी अन् माहा मालक दिल्लीकडं वीटभट्टीवर होतो. मालक तिथंच मेला. मी एकटी आली, कडेवर पोर. गोंदियाले उतरली त् काही समजेना — कोनती गाडी, कोनता फलाट. मंग भोंग्यातून ही बाई बोलली. सगळे गावं घेतले अन् मंग आंबेटोला म्हनलं. आमचं नाव नोहतं ते. तरी मी तिथंच बसून रडली. म्हनलं, आपलं गाव अजून आहे. ह्या बाईनं नाव घेतलं म्हंजे आहे. आता तुम्ही अंबानगर कराल. पोट्टे सुरतेहून येतील. गोंदियाच्या फलाटावर अंबानगर ऐकतील. उतरनार कसे? कोनाले वाटंल आपलं गाव आलं?"

मी हे आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या खोलीत मी, एक पंखा आणि माइक. नावं बाहेर जायची. कुठं पोचतात, कुणाला काय होतं — कोण सांगणार? आज सांगितलं.

रचनानं विचारलं, "सरपंचजी, तुमच्या घरी काय म्हणतात?"

उत्तर दुर्गेश्वरीनं दिलं, हुकुमचंदच्या बायकोनं, बायकांतून, पदर सावरत. "सासूबाई म्हणत — आमरो आंबाटोला. शेवटच्या दिवशीही म्हणल्या." आणि मग नवऱ्याकडे बघून, "आंबा म्हंजे आंबा जी. लोणच्याचा."

पटांगण फुटलं हसून! हुकुमचंदही हसला. मग गमछ्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"काना लावू," म्हणाला. "ठराव मागं."

मी पाटी पुसून लिहिलं, "आणि खाली मरकानार." रचनानं वाचलं. हात वर झाले. सगळे नाही. पण पुरेसे.

२७ जानेवारी, मंगळवार

दुर्गेश्वरीचा डबा. भाजीत मीठ होतं! की मीच बदलले?

३१ जानेवारी, शनिवार

काना लागला.

रंगाऱ्याची वाट कोण बघतो! हुकुमचंद स्वतः शिडीवर चढला, पांढऱ्या रंगाची डबी घेऊन. मी खाली उभी राहून खडूनं हवेत दाखवत होते — डावीकडे, अजून डावीकडे! "मॅडमजी, तुम्ही न बोलताही ओरडून राहिल्या," तो वरून म्हणाला. काना किंचित तिरपा झाला. राहू दे. तिरपा काना म्हणजे माणसानं लावलेला काना.

खाली मरकानार. ते जयवंताबाईच्या नातवानं लिहिलं, अक्षर सुरेख.

दुर्गेश्वरीनं देवीचा फोटो आणि चुनरी परडीत घेतली, नमस्कार केला आणि मातामायच्या देवळात नेऊन ठेवली. मीही पाटी काखेत धरून मागोमाग चालले. कुणीतरी श्रद्धेनं ठेवलेली वस्तू. ती रस्त्यात पडू देणं हे कुठल्याच धम्मात बसत नाही.

हुकुमचंदला पाटीवर लिहून दिलं, "खुमेंद्र येईल." त्यानं वाचलं आणि पाटी लगेच परत दिली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गप्प राहून लोक किती दिसतात! रचना चहा करताना गुणगुणते, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मी बोलत असणार.

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ठरवतेय. रचनाला पैज हवी आहे. तिच्या मते, "हे काय!"

११ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाले, बोला, पण कमी. आणि म्हणाले, तो जुना आवाज परत येणार नाही. नागपूरहून फाट्यावर उतरले तेव्हा पाटीखाली जयवंताबाई बसची वाट बघत बसली होती. खडू पर्समध्येच राहू दिला. जवळ गेले आणि म्हटलं, "मरकानार." घोगरा, खरखरीत, ओळख नसलेला आवाज निघाला. तिनं मान माझ्याकडे वळवली, नीट ऐकल्यासारखं केलं, आणि शेजारी जागा करत म्हणाली, "कोन होय वं? आपल्याच गावची दिसते. बस."